न उडालेली चौथी गोळी

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. दचकू नका, माझ्या पोटात आता गोळी नाही आणि पुन्हा कधी असेल असं वाटतही नाही. एका सरकारी कोठारात, भिंतीला टेकून, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून मी उभी आहे. चिठ्ठीवर माझा नंबर आहे. नाव मला कुणी कधी दिलंच नाही.

माझा जन्म बंगालमधल्या कारखान्यातला. मी लढाईची नाही. पॉइंट बावीसची, कागदावर भोकं पाडणारी. आयुष्य गेलं ते अंबरनाथला, टेकडीच्या पायथ्याच्या एका रायफल क्लबात. पत्र्याची शेड, समोर पन्नास मीटरवर मातीचा बांध, बांधापुढे कागदी लक्ष्यं, बस. तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यांतली माणसं पाळी सुटली की थेट क्लबात यायची. हातांना ग्रीसचा वास असायचा, पण मला हात लावण्याआधी ती साबणाने हात धुवायची. रविवारी तर मला घेण्यासाठी रांग लागे. एकदा माझा लाकडी दस्ता तडकला, तेव्हा तो सुटा करून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात नेला होता. तिथल्या सिंधी मिस्त्रीने तो असा घासला, असा चमकवला, की परत आल्यावर सगळे हसले. "काय हो, पलंगाचा पाय बसवून आणलात की काय?" त्या हसण्यात माया होती. आता त्या पॉलिशवर बुरशी धरली आहे.

त्या सगळ्यांत मला जपलं ते बाळाजी सरांनी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बदलापूरच्या बेलवलीत राहायचे. माझ्या नळीत तेलाचं फडकं फिरवल्याशिवाय ते कधी घरी गेले नाहीत. हळूहळू माणसं पांगली, शेडचे पत्रे गळायला लागले. सर मात्र येत राहिले. आणि एके दिवशी मोरिवलीहून तेजस्वी आली.

सोळा वर्षांची मुलगी. हात पहाडासारखा स्थिर, नजर स्वच्छ. पण मित्रांनो, माझ्या दस्त्यावर गाल टेकवणाऱ्याचं काळीज मला ऐकू येतं. चाप दाबायच्या आधीच तिचे डोळे गच्च मिटायचे, खांदा पुढे यायचा आणि माझं तोंड खाली झुकायचं. गोळी लक्ष्याखालच्या मातीत जायची. माझा धक्का तो केवढा? मांजराने अंग घासावं एवढा. ती धक्क्याला भीत नव्हती, आवाजाला भीत होती.

क्लबातला वरद तिला चिडवायचा. "तेजू, गोळी पुढून निघते गं! तू का डोळे मिटतेस?"

"तू तुझं बघ ना, शाणा," ती म्हणायची. आणि गाल पुन्हा माझ्यावर टेकवायची.

या भीतीचं कारण तिच्या वडिलांनी सांगितलं. मुकेशभाऊ एकदा तिला सोडायला आले, "जय भीम, सर" म्हणाले आणि सर काय बोलताहेत ते कळावं म्हणून त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. ते ज्या केमिकलच्या कंपनीत होते, तिथे स्फोट झाला होता. दहा वर्षांची तेजस्वी डबा घेऊन फाटकाशी उभी होती. वडील वाचले, पण कान गेले आणि त्यामागोमाग कामही गेलं. "तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी ही दचकते, सर," ते म्हणाले. "बंदूक तिनेच निवडली. म्हणते, आवाजाला एकदा तोंड द्यायचंय."

त्या संध्याकाळी सरांनी घरी जाऊन खोट्या गोळ्या बनवल्या. वापरलेल्या काडतुसात शिशाचा तुकडा बसवायचा, दारू अजिबात नाही. ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या टोकांना त्यांनी बायकोचं, अंजनीबाईंचं, लाल नेलपॉलिश लावलं. "म्हातारपणी माझ्या बाटलीवर डोळा!" असं अंजनीबाई म्हणाल्याचं सरच हसत सांगायचे.

मग रोजचा धडा सुरू झाला. लाकडी ठोकळ्याला दहा भोकं होती, त्यात दहा गोळ्या. काही खऱ्या, काही खोट्या. तेजस्वी पालथी पडून समोर बघायची आणि सर स्वतः माझ्यात गोळी सरकवायचे. कुठली, ते तिला कळू द्यायचे नाहीत.

"गोळीकडे बघायचं नाही. माशीकडे बघ," ते सांगायचे. माशी म्हणजे माझ्या नळीच्या टोकावरचा काळा ठिपका.

खोटी गोळी आली की नुसतंच 'खट्' व्हायचं. धक्का नाही, आवाज नाही, तरीही माझं तोंड झुकायचं. म्हणजे झुकवत होती ती भीतीच. डोळे उघडले की तिला ते दिसायचं आणि ती ओशाळायची.

"परत झालं ना, सर?"

"तुला कळलं ना? मग अर्धं काम झालं. बोल्ट उघड, फेक ती. पुढची!"

खट् झालं, की बोल्ट, म्हणजे माझी खिटी, उघड, फेक, पुढची. हजारदा. दोन वर्षं. कधी सर माझ्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचे, चाप दाबल्यावर ते पडता कामा नये. आधी ते रोज घरंगळायचं. मग दिवसाआड. मग एका आठवड्यात एकदाही पडलं नाही आणि सरांनी ते नाणं तिच्या हातावर ठेवलं.

जिल्ह्याची निवड चाचणी आली. तेजस्वीचं ज्युनिअर गटातलं ते शेवटचं वर्ष. निवड झाली तर राज्यस्पर्धेला जाता येणार होतं, पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरीचं दार उघडणार होतं. मुकेशभाऊ मागच्या बाकावर बसले होते. ऐकू येत नसल्याने ते फक्त लेकीचा खांदा बघत होते.

शेवटच्या दहा गोळ्या उरल्या. ठोकळा नेहमीसारखा सरांनीच भरून दिला होता. मित्रांनो, सरांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता आणि हाताळून हाताळून नेलपॉलिश पुसलं गेलं होतं.

तीन गोळ्या मधोमध. चौथी तिने स्वतःच्या हाताने माझ्यात सरकवली, बघितली नाही. नजर माशीवर. तिने चाप दाबला.

खट्.

मी शपथेवर सांगते, माझं तोंड केसभरही हललं नाही. पापणी लवली नाही, खांदा ढळला नाही. तिची भीती संपली होती आणि ते त्या क्षणी फक्त तिला आणि मलाच ठाऊक होतं. मी आनंदाने शहारले असते, पण तेवढ्यात तिच्या हाताने जे हजारदा केलं होतं तेच केलं. बोल्ट उघडला, ती गोळी फेकली, पुढची घेतली.

फेरी संपली. कागदावर नऊ भोकं होती.

पंच बाई वाईट नव्हत्या. "बाळा, गोळी उडाली नाही तर बंदूक तशीच समोर धरून ठेवायची आणि हात वर करायचा. आम्ही येऊन बघितलं असतं. तू स्वतःच उघडून फेकलीस, आता मी काय लिहू?"

"मॅडम, सवयीने झालं."

"कळतंय गं. पण नियम आहे."

त्या गोळीला शून्य मिळालं आणि निवडीसाठी चार गुण कमी पडले.

बाहेर सर कठड्यावर बसले होते. ती खोटी गोळी त्यांच्या तळहातावर होती. तेजस्वी त्यांच्यापाशी खाली बसली.

"सर, चूक माझी आहे. मी हात वर करायला हवा होता."

"तुला हात वर करायला मी शिकवलंच नाही गं," सर म्हणाले. "न घाबरायला तेवढं शिकवलं."

मुकेशभाऊंना शब्द ऐकू आले नाहीत. लेकीचा खांदा हलला नाही, हे मात्र त्यांनी पाहिलं होतं. ते आनंदाने तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि त्यांना खरं काय ते सांगायचं धैर्य दोघांनाही झालं नाही.

त्या दिवशी सरांनी माझ्या नळीत फडकं फिरवलं नाही. पहिल्यांदाच. पुढे ते आलेच नाहीत. मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग ते अंथरुणाला खिळले, मग ते गेले, असं मी वरदच्या तोंडून ऐकलं. क्लब बंद झाला आणि मला इथे जमा केलं. तेजस्वी कुळगावच्या एका दुकानात बिलं करते म्हणे. पुन्हा तिने रायफलीला गाल लावला नाही. दोन वर्षं झिजून मिळवलेली ती निर्भय पापणी कुठे नोंदली गेली नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू तेल मागतात. तेही मागून पाहिलं मी, पण गंज आता आतपर्यंत गेला आहे. तुमच्याकडे मागणं एकच. कुणाला न घाबरायला शिकवाल, तर त्याच दिवशी हेही शिकवा, की काही बिघडलं तर थांबायचं आणि हात वर करायचा. त्यात लाज नाही.

मला हात नाहीत. असते, तर त्या दिवशी मीच वर केले असते.