काळ्या मशीनला नावं ठेवायची

केदारखेड्याच्या काकासाहेबांनी जन्मात एकाही चांगल्या वस्तूला चांगलं म्हटलं नव्हतं. हा स्वभाव नव्हे, बैलबाजारातलं शिक्षण. जो बैल घ्यायचा त्याला शिंगापासून शेपटीपर्यंत नावं ठेवायची, आणि जो घ्यायचा नाही त्याच्या पाठीवरून कौतुकानं हात फिरवत राहायचं, म्हणजे हव्या त्या बैलाचा भाव उतरतो. द्वारकाबाईंना बघायला आले तेव्हाही ते भर बैठकीत म्हणाले होते, "चहा पांचट आहे." द्वारकाबाई दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी होकार आला.

त्यामुळं शिलाई मशीन घ्यायला जुन्या जालन्याला निघाल्यावर त्यांनी एसटीतच बायकोला बजावलं, "आवडली तरी तोंडातून चांगला शब्द काढू नको. जी न्हाई घ्यायची तिची तारीफ करायची. बराबर?"

"बराबर," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांना पायमशीनच हवी होती. शिवणक्लासात त्या तसल्याच मशीनवर शिकल्या होत्या, आणि केदारखेड्यातली वीज घाईतल्या पाहुण्यासारखी यायची. न सांगता यायची, टेकायच्या आत निघायची.

गयासोद्दीनभाईंच्या दुकानात ती दाराशीच उभी होती. काळी, लोखंडी पायांची, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. द्वारकाबाईंचा जीव तिथंच अडकला.

"काय काळीकुट्ट आहे हो," त्या म्हणाल्या. "अन् पट्टा बघा कसा सैल."

काकासाहेबांना बायकोचा अभिमान वाटला. "वाजती पण लई," ते न वाजवताच म्हणाले.

गयासोद्दीनभाई सरळ माणूस. गिऱ्हाइकाला आवडत नाही ते त्याच्या गळ्यात मारणं त्यांना जमत नसे. त्यांनी काळीवर कापड टाकलं आणि कोपऱ्यातली पांढरी, विजेवरची मशीन फुंकर मारून पुढं आणली.

"अगं बाई!" द्वारकाबाई म्हणाल्या. "किती हलकी! बटण दाबलं की झालं!"

"इतकी पसंत आली तर भाभी, हिचा भाव कमी करतो."

घोटाळा झाला तो इथं. भाव उतरायला लागला की समोर काय आहे ते काकासाहेबांना दिसेनासं व्हायचं. याच भरात एकदा ते बैल आणायला गेले आणि दोन शेळ्या अन् एक पलंग घेऊन आले होते.

"अजून उतरवा," ते म्हणाले. उतरला. "अजून." तोही उतरला. काकासाहेबांचा चेहरा फुलला. खोकं आलं, सुतळी आली.

द्वारकाबाईंनी कोपरानं ढोसलं. "अहो, ही न्हाई!"

"मंग आत्ता तारीफ कोण करून राह्यलं होतं?"

"तुम्हीच सांगितलं ना!"

"थांब जरा. अजून उतरतोय."

सुतळीची गाठ तेवढी बसायची राहिली होती. वीज असली तर शिवायचं, नसली तर खोक्याकडं बघत बसायचं, असलं पुढचं सगळं आयुष्य द्वारकाबाईंना लख्ख दिसलं. त्या उठल्या. काळीवरचं कापड ओढून काढलं आणि स्टुलावर बसल्या. हातातल्या पिशवीचा बंद केव्हाचा तुटला होता. तो चार पदरी दुमडून सुईखाली धरला आणि पायडल दाबलं. मशीननं चारी पदर न कुरकुरता शिवून दिले.

"मला हीच पाहिजे," त्या भर दुकानात म्हणाल्या. "लई चांगली आहे!"

काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले. आता भाव आभाळाला जाणार होता.

"मंग भाभी, एवढा वेळ बिचारीला नावं कायला ठेवली?" गयासोद्दीनभाईंनी विचारलं.

"ह्यांनी सांगितलं. भाव उतरतो म्हणे."

हसत हसत गयासोद्दीनभाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला सारलं. मागं पाटी होती : एकच भाव. "अब्बांच्या टायमाची आहे," ते म्हणाले. "चांगल्या मालाचा भाव इथं उतरत न्हाई, चढत बी न्हाई. पांढरीला मात्र वर्षभर कोणी हात लावला न्हाई. मला वाटलं, आज अल्लानं गिऱ्हाईक धाडलं."

काकासाहेबांनी तेलाची एक कुपी फुकट मागून घेतली आणि अब्रू राखली.

घरी नव्या मशीनवर पहिली शिवली ती त्यांचीच बंडी. ती घालून ते आरशापुढं उभे राहिले. पुढून बघितलं, मागून बघायची खटपट केली.

"काखेत ओढती," ते म्हणाले. "अन् खिसा वाकडा आहे."

"द्या मंग, उसवते."

"राहू दे, राहू दे." दोन्ही हातांनी बंडी धरून ते घाईनं पारावर निघाले. दारातून वळून म्हणाले, "अन् वाजती पण लई, तुझी मशीन."

द्वारकाबाई खूश झाल्या आणि त्यांनी दुसऱ्या बंडीचं कापड बेतायला घेतलं.