हातात मावणारी वीट

वीट तळहातावर आली आणि बोटं आपोआप मिटली—अंगठा या कडेला, उरलेली चार त्या कडेला—आणि मिटली तशीच राहिली. जराशी फिकट भाजलेली, एका कोपऱ्याला कुणाच्या तरी नखाचा ओरखडा. नव्या मापाचा नमुना. शहाद्याच्या धर्मशाळेत भरलेल्या सभेत तो गवंड्यांच्या रांगेतून भट्टीवाल्यांच्या रांगेत हातोहात सरकत आला होता आणि शेवटी खांबाला टेकून बसलेल्या धनुबाईकडे पोचला होता. तिनं तो पुढे द्यायला हवा होता. शेजारी दीर, भिला, हात पसरून बसलाच होता. पण... एका हातात? वीट अशी एका हातात उचलता येते?

भिलानं वीट काढून घेतली तेव्हा तळहात एकदम उघडा पडल्यासारखा वाटला. तिनं तो पदराखाली नेला.

समोर नवल मिस्त्री बोलत होते. वर्षापूर्वी तालुक्यातल्या गवंड्यांचं आणि भट्टीवाल्यांचं मंडळ त्यांनीच उभं केलं होतं. “ब्राह्मणपुरीनी भीत समदासनी देखी ना? दोन भट्ट्यास्नी ईट एकच भितमा. पोट सुटनं तिले. आते समदा भट्ट्यास्ले एकच माप.” आणि एका जरी भट्टीनं नकार दिला तर माप ठरायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

तिचं लक्ष शब्दांवर ठरत नव्हतं. गोमाईच्या काठावरची भट्टी डोळ्यांसमोर येत होती—तिथला नवऱ्याच्या हातचा सागवानी साचा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. लग्न होऊन आली त्या पहिल्या हंगामात तिनं गाऱ्याचा गोळा उचलून त्यात आपटला होता आणि साचा उपडा करताना मनगट लचकलं होतं, वीट एका बाजूला बसली होती. ते हसले होते. रागानं नाही—ते रागावत कधी नसत. “तुन्हा हातमा जोर नही,” म्हणाले होते, आणि रात्री त्यांनीच हळद गरम करून मनगटाला बांधली होती. जोर नाही. तेव्हापासून हे तिला ठाऊकच होतं, जसं आपलं नाव ठाऊक असतं. ते होते तोवर ती गारा मळायची, विटा ते पाडायचे. ते गेल्यावर तीन हंगाम त्याच साच्यावर ती दोन्ही हातांनी वाकली, रोज संध्याकाळी मनगटं सुजली, आणि तिला वाटत राहिलं, आपण कमी पडतो, त्यांच्या हाताला आपला हात पुरत नाही... आणि आत्ता, या सतरंजीवर, चारचौघांत—

हात लहान नव्हता. साचा मोठा होता.

छातीत काहीतरी धाडधाड वाजायला लागलं. इतकं, की शेजारी ऐकू जाईल असं वाटून तिनं पदर आणखी ओढून घेतला. हसू येत होतं. सभेत, विधवा बाईला, हसू! ओठ दाबले तरी ते गालांत चढत होतं.

“ज्यास्ले कबूल शे, त्यास्नी हात वर करा,” मिस्त्री म्हणाले.

हात वर झाले. दोघे भट्टीवाले मात्र मांडीवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिले. त्यांना जुनंच माप हवं होतं, आणि ते आपल्या तोंडानं म्हणायचं नव्हतं. भिला घसा साफ करून म्हणाला, “वहिनी हात वर करनार नहीत. भाऊना हातना साचा शे तो.” त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी हळहळलं. ती सगळी हळहळ तिच्या अंगावर आली, जाड घोंगडीसारखी, आणि क्षणभर तिला वाटलं, बसून राहावं हिच्याखाली. किती सोपं आहे. कुणी नावं ठेवणार नाही...

“धनुबाई,” मिस्त्री म्हणाले, “तुन्हं काय म्हननं शे?”

मला विचारलं. भिलाला नाही, मला.

“तो साचा त्यास्ना हातले व्हता,” ती म्हणाली. आवाज अनोळखी लागला, थोडा मोठाच. “मन्हा हातले हाई ईट बसस. माले कबूल शे.” आणि पदराखालचा हात तिनं वर केला, कोपरापर्यंत बांगड्यांविना, सगळ्यांसमोर. मग त्या दोघांचेही हात वर गेले—सावकाश, जड.

परतताना भिला पुढे, ती मागे. माघाचं ऊन, नदीकडून वारा. तिचे पाय सारखे त्याच्या पुढे जाऊ बघत होते, ती त्यांना आवरत होती. पुढच्या सभेला भाजणीबद्दल विचारायचं. कच्ची कुठली, पक्की कुठली हे कुणी ठरवायचं? आणि लाकूड... तिचं तिलाच नवल वाटलं. पुढची सभा!

वळणावर भिला थांबला. त्याचे डोळे लाल होते. “वहिनी, भाऊ राहता ते काय म्हनता?”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. हे तिला नेहमी माहीत असायचं. गेली तीन वर्षं बी-बियाणं असो, पाहुणा असो, भाजीत मीठ असो, ती मनात त्यांना विचारायची आणि उत्तर त्यांच्या आवाजात, त्यांच्या खोकल्यासकट यायचं. आत्ताही तिनं विचारलं. वाट पाहिली. पुन्हा विचारलं.

काहीच आलं नाही. फक्त वारा, आणि तिचा स्वतःचा श्वास, धावत आल्यासारखा.

“माले नही माहीत,” ती म्हणाली, आणि म्हणताना घाबरली. पण ती भीती दुःखाची नव्हती, हे तिच्या तिथंच ध्यानात आलं. आणि मग ती कशाची होती, ते ठरवायला ती थांबली नाही.