कौलाबाहेर

भैरवनाथाच्या उजव्या खांद्याला चिकटवलेली कळी आधी खाली पडली आणि बिरूचा जीव भांड्यात पडला.

"उजवी दिली देवानं," गोरख गुरव म्हणाला. "कंपनीचाच रस्ता. आता मागंपुढं बघू नका."

शिवानीचे हात जोडलेलेच होते. तिने एकदा कळीकडे, एकदा बापाकडे पाहिले आणि सॅक पाठीला अडकवली.

भोरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला तिला तीन विषय होते. आता त्यातला एकच मुख्य म्हणून धरायचा होता आणि अर्जाचा आज शेवटचा दिवस होता. तशी केमिस्ट्री कधीचीच ठरली होती. बिरूचा पुतण्या कुमार औषधांच्या कंपनीत होता, डिग्री झाली की हिला तिथल्या लॅबमध्ये चिकटवतो म्हणाला होता. शिवानीही दहावीपासून सगळ्यांना तेच सांगत आली होती. पण गेल्या आठवड्यात जेवता जेवता ती म्हणाली, "आबा, मला बॉटनी घ्यावी वाटतीया. झाडपाल्याचा विषय हाय."

बिरूला हसावे की रडावे ते कळेना. झाडपाला तर शेरडंही ओळखतात, त्यासाठी एसटीचा पास कशाला काढायचा? पण पोरीवर ओरडणे त्याच्या स्वभावात नव्हते. अडले की तो जे आयुष्यभर करत आला तेच त्याने केले, कौल लावला. कळप खाली कधी उतरवायचा, थोरली कुठे द्यायची, सगळे त्याने देवालाच विचारले होते. कौलाबाहेर एकदाही पाऊल टाकले नाही, त्यामुळे कुठल्याच निर्णयाचा दोष कधी त्याच्या अंगावर आला नाही. सोय चांगली होती.

नसरापूरला गाडी बदलायची होती. दोघे रस्त्याकडेला उभे राहिले.

"तोंड का उतरलंय?"

"कुठं काय? घेते की केमिस्ट्री."

बाजाराला नेताना शेळी ओरडली तर बिरूला चालायचे. गप चालणारी त्याला बघवत नसे. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "त्या बॉटनीत करत्यात तरी काय गं?"

"मॅडमनी रानातली झाडं गोळा करायला सांगितली हुती. पोरांनी धा-पंधरा आणली. मी त्र्याहत्तर नेली. कशानं शेरडू फुगतं, कशानं दूध वाढतं, तुमी सांगितल्यालं समदं खाली लिवलं. मॅडम म्हणल्या, हे आमच्या पुस्तकात न्हाई."

"मंग?"

"मंग काय न्हाई. वर्गात पयल्यांदा मला कुणी काय इचारलं, अन् मला ते येत हुतं."

गाडी आली. भोर येईपर्यंत बिरू खिडकीबाहेरची झाडे बघत होता.

कॉलेजच्या खिडकीशी शिवानीने अर्ज भरायला घेतला. मुख्य विषयाच्या रकान्यावर पेन टेकले तेवढ्यात बिरूने कागदावर पंजा ठेवला.

"बॉटनी लिव."

"आबा, कौल दिलाय देवानं!"

"म्या देवाला कंपनीचं इचारलं. कंपनी चांगली म्हणाला. असंल चांगली. तुला काय पायजे, ते म्या इचारलंच न्हाई."

"अन् पुढं चुकलं म्हंजी?"

"तर माझं चुकलं. देवाचं न्हाई, तुझंबी न्हाई."

तिने लिहिले. खिडकीतल्या बाईंनी पालकांच्या सहीची जागा दाखवली. बिरूला खरोखरच भीती वाटत होती. रानात बिबट्या समोर आला तेव्हाही इतकी वाटली नव्हती. त्याने नाव लिहिले, ते रेघ सोडून खाली घसरले. बाईंनी अर्ज ओढून घेतला, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली. तरी तो खिडकीची कड धरून उभाच होता. मग शिवानीने एक एक करून त्याची बोटे सोडवली आणि त्याला बाजूला घेतले.