थोमाचं बोट

केळीच्या पानांतून गाळून आलेलं चैत्राचं ऊन, हिरवंसोनेरी, हळदओलं, वसईतल्या त्या जुन्या ख्रिस्ती देवळाच्या खिडकीतून आत उतरलं. वेदीच्या पायऱ्या चढलं. आणि चित्रातल्या संत थोमाच्या बोटापाशी येऊन थबकलं. कारण पुढे बोटच नव्हतं.

शेंडा वाळवीने खाल्लेला. एवढ्या थोरल्या फळीवर वाळवीला नेमका तेवढाच घास आवडावा! एकीकडे मरणातून उठलेला प्रभू, शुभ्रवसन, कुशीत भाल्याची रक्तकमळ जखम. दुसरीकडे 'जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही' म्हणणारा शिष्य. मधे दोन पेरांचं उजाड रान.

ते रान आता जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या रोमानाबायला रंगवायचं होतं. बोट टेकवायचं, की अलीकडेच थांबवायचं? प्रभू 'घाल बोट' म्हणाला, एवढं शुभवर्तमान सांगतं. थोमाने ते घातलं का, यावर मात्र मौन. गोड, गहन, गैरसोयीचं मौन.

फादरांनी दिलेल्या, थोमाच्या जुन्या चित्रा-शिल्पांच्या जाड पुस्तकात शतकं एकमेकांशी भांडत होती. हस्तिदंतातला थोमा बिनदाढीचा, कोवळा. वर्गात परवानगी मागावी तसं बोट वर धरलेला. सुवर्णपटावरचा कृश, अदबशीर. बोट जखमेपासून तसूभर दूर, आणि शतकानुशतकं तसूभरच दूर. मग काळोखातला तो सुरकुतकपाळ्या म्हातारा, ज्याने पेरापर्यंत आतच घातलं. आणि कुठे कुठे तर बिचाऱ्याच्या हाती सुताराचा गुण्या: शंका घ्यायची तर काटकोनात घ्या!

"हात लावलाच असणार गो," देऊळ झाडणारी सबिनाबाय बाकं पुसता पुसता म्हणाली. "पापलेट तरी दाबल्याशिवाय घेतो काय आपण?"

"सबिनाबाय, देवळात आहात," फादर म्हणाले.

"मग खोटं कशी बोलू, फादर?"

रोमाना हसली नाही. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने विचारलं होतं, माशाने गिळलेल्या योना संदेष्ट्याला त्या काळोख्या पोटात दिवा कोणी दिला? त्या दिवसापासून ती गावाची 'थोमीण'. साठी उलटली, केस कापसाचे झाले, नाव तसंच. थोमाचा निकाल तो तिचाच निकाल: विचारणं हे पाप, की प्रार्थना?

तिने बोळा थुंकीने ओला केला. जुन्या चित्रांना तीच मानवते. फादरांनी सोयीस्करपणे छताकडे पाहिलं. थोमाच्या मनगटावर काजळी होती, मेणबत्त्यांची, नवसांची, निव्वळ भक्तीची काजळी. काळं गेलं. तपकिरी गेलं. आणि पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी जिला बाहीची चूण मानलं, ती उजळत उजळत बोटं झाली. फिकट, दीर्घ, जिवंत बोटं.

थोमाची नव्हेत. प्रभूची. शिष्याचं मनगट घट्ट धरून स्वतःच्या कुशीकडे ओढणारी.

"अगो बाय," सबिना पुटपुटली. "हा तर बोलावतोय!"

रोमानाने सगळ्यात बारीक कुंचला उचलला. गव्हाळ रंगाचा थेंब, त्यात लालीचा कण. बोट निघालं, निःशंक नव्हे, सशंकच निघालं, पोचलं, आणि जखमेची कड, ओल्या वाळूने पाऊल घ्यावं तशी, हलकेच आत लवली.