तळपाय

नवऱ्यानं बायकोच्या पायांना हात लावू नये, लावला तर पाप बायकोला लागतं, असं माझ्या आईनं शिकवून ठेवलं होतं. ते धरून बसले असते तर माझे पाय केव्हाच गेले असते. आम्हा दोघांनाही शुगर. माझ्या तळव्यांना तर काही टोचलं तरी कळत नाही. म्हणून हे रोज संध्याकाळी दार लोटून घ्यायचे, माझा पाय मांडीवर घ्यायचे आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासायचे.

"अहो, पाप लागन मले," मी म्हणायची.

"लागू दे. डॉक्टरीणबाईनं सांगतलं ना? पाप तिच्या खात्यात टाक."

सिंदीच्या पोस्टात जन्म गेलेला माणूस, दुसरं काय बोलणार? मग मी यांचे पाय पाहायची. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. मुला-सुनेला काय कपाळ सांगणार?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. दवाखान्यात आम्हाला आत सोडलं नाही, आणि तिथूनच यांना परस्पर नेलं. शेवटचा फोन साकेतला, आमच्या मुलाला आला होता. यांना दम पुरत नव्हता. "तुह्या आईचे पाय..." एवढंच म्हणाले, पुढे नुसता खोकला.

ते वाक्य साकेतनं आपल्या परीनं पुरं केलं. बापाची शेवटची इच्छा म्हणून तो रोज सकाळी माझ्या पाया पडू लागला. मी पलंगावर मोजे घालून बसलेली असायची. तो वाकायचा, वरून बोटं टेकवायचा, डोळे पुसून कामाला लागायचा. यांना काय म्हणायचं होतं ते मला ऐकताक्षणी कळलं होतं. मी बोलले नाही.

इन्सुलिन कधी घ्यायची, कधी नाही. इला, माझी सून, विचारायची, "आई, घेतलं ना?" मी मान हलवायची. टीव्हीवर सांगत होते, शुगरवाल्यांनी स्वतःला जपा. जपा म्हणे. सांगायला काय जातं त्यांचं! माझे पाय बघणारा माणूस गेला होता आणि मला ते पाय नकोसे झाले होते.

एका सकाळी साकेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. मोजा ओला होता, वास येत होता. अंगठ्याखाली काचेचा तुकडा रुतून बसला होता. कधी रुतला, मला ठाऊक नाही.

अंगठा काढावा लागला. बाकीचा पाय वाचेल की नाही, हे आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "घरी यांचे तळपाय कोण पाहतं?"

साकेत आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिला. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "बाबा हेच सांगत होते?"

"हो."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग बोलली काऊन नाई, आई? मी तं रोज वाकत होतो."

"बोलली असती तं तू पाय पाह्यले असते. अन् मी जगली असती," मी म्हटलं. "मले जगायचं नव्हतं."

तो उठून बाहेर गेला. इला त्याच्यामागे गेली. दाराआडून त्याचं रडणं ऐकू येत होतं. बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. ते ऐकून, हे गेल्यापासून पहिल्यांदाच, मला वाटलं की जगावं. पण तोवर जखमेचं विष घोट्याच्या वर चढलं होतं.