जिन्यावर वाजलेली देग

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी देग आहे. अख्ख्या वऱ्हाडाचा घेवडा माझ्यात एका वेळी शिजतो. माझ्या दोन कड्यांना लोक कान म्हणतात. ते खरेच आहे, कारण मी ऐकते. ऐकलेले माझ्या पोटात बराच वेळ घुमत राहते. त्यामुळे माझ्या गोष्टीत काही जागा धूसर वाटतील, वाफेतून पाहिल्यासारख्या.

माझा जन्म युरोपातल्या कोसोवोत, नदीकाठच्या रोमा मोहल्ल्यात झाला. रोमा म्हणजे शतकांपूर्वी हिंदुस्थानातून तिकडे गेलेले लोक. शाबान तांबटाने मला ठोकून घडवले आणि आतून कल्हई केली. आमच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात आणि माणसाला मानुश. पहिल्यांदा माझ्यात पानी ओतले, तेव्हा त्यावर सारे आभाळ उतरून थरथरत राहिले. मला वाटले, माझ्या पोटातच आभाळ आहे.

शाबानने मला त्याच्या मुलीच्या, सेबिहाच्या लग्नात दिले. मग मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नात आणि वसंतातल्या सणाला चुलीवर मीच असे. सेबिहाच्या हाताला चव होती. तिचा घेवडा खाऊन भांडलेले भाऊ एका बाकावर बसत.

पुढे युद्ध आले. ते संपले असे लोक म्हणू लागले, आणि तेव्हाच आमचा मोहल्ला पेटला. सेबिहाचा नवरा रमिझ तबेल्यातला घोडा सोडवायला गेला, तो परत आला नाही. सेबिहाने गोधडीत गुंडाळलेली तान्ही मुलगी माझ्यात ठेवली आणि मला हातगाडीवर बांधले. त्या मुलीचे नाव फिक्रिया. डोंगरातल्या वाटेवर ती माझ्या पोटात झोपली होती. तिचा श्वास माझ्या कडेला लागून परत तिच्याकडेच जायचा. इतके हलके ओझे मी त्याआधी वाहिले नव्हते. तसे पुन्हा कधी वाट्यालाही आले नाही.

आम्ही जर्मनीत पोचलो. एका जुन्या विटांच्या इमारतीत सरकारने आश्रय मागणाऱ्यांना ठेवले होते. राहायची परवानगी थोड्या थोड्या महिन्यांची मिळे, पुन्हा वाढवावी लागे. खोलीत मला जागा नव्हती, म्हणून मी तळघरात गेले. तिथे माझ्यात ओले बूट टाकत. कल्हई उडाली, हिरवा कळंक चढला. मी झोपेत नदी ऐकायची. जागी झाले की कळायचे, ते नळातले पाणी आहे. वर वर्षे जात होती. फिक्रिया शाळेत जाऊन जर्मन बोलायला शिकली, मोठी झाली.

एका पहाटे नळांतून पावलांचे आवाज खाली आले. दारावर थापा पडल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या देमिरच्या कुटुंबाला परत पाठवायला पोलीस आले होते. देमिरची मुलगी एल्माझा फिक्रियाची जिवाभावाची मैत्रीण. ती याच शहरात जन्मली होती. कोसोवो तिने फक्त गाण्यांत ऐकले होते. तिचा रडण्याचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. इमारतीतले एकही दार उघडले नाही. मग गाडी सुरू झाली, आणि नळातले पाणीसुद्धा गप्प झाले.

त्याच दुपारी सेबिहाने मला फरफटत अंगणात आणले. ती तांबटाची मुलगी होती. माझ्यात वाळू टाकून तिने फिक्रियाला अनवाणी उभे केले आणि कंबर फिरवायला सांगितले. फिक्रिया रडत होती आणि माझ्यात गोल गोल फिरत होती. लांबून कुणाला वाटले असते, मुलगी नाचते आहे. कळंक गेला. मग मला तापवून सेबिहाने नवसागर टाकला. पांढरा धूर उठला आणि कापसाच्या बोळ्यामागून कथलाची चांदी पसरत गेली.

घेवडा शिजल्यावर तिने प्रत्येक दार वाजवले. रूझाचेही. रूझा सर्बियाची रोमा. कोसोवोवाले आणि सर्बियावाले एकाच जिन्याने जात, पण एकमेकांशी बोलत नसत.

"तुमच्या पंगतीला आम्ही कशाला?" रूझा दारातूनच म्हणाली. "तुम्हांला आमचा वास येतो ना?"

"आज कांद्याचाच येतोय," सेबिहा म्हणाली. "वाडगा घेऊन ये."

सगळे जेवले. कोणी देमिरचे नाव काढत नव्हते. तेव्हा सेबिहा वाढायचा डाव हातात घेऊन उभी राहिली.

"आज पहाटे सगळ्यांना ऐकू आलं," ती म्हणाली. "मलाही आलं. माझा हात कडीवर होता, पण मी कडी काढली नाही. उद्या माझ्या दारावर थाप पडली, तर तुम्ही तरी का काढावी?"

रूझाने वाडगा खाली ठेवला. तीच बोलली, "काढली असती तर काय केलं असतंस, बीबी? पोलिसांना घेवडा वाढला असतास?" बीबी म्हणजे मावशी. रूझाने तिला पहिल्यांदाच तसे म्हटले होते.

लोक हसले, आणि हसता हसता बोलू लागले. त्या अंगणात आमची समिती जन्मली. दर रविवारी मी चुलीवर चढे आणि माझ्याभोवती सभा भरे. फिक्रिया प्रत्येक घराची हकीकत विचारून मदतीला आलेल्या एका वकीलबाईंना समजावून सांगे. शहरातले विद्यार्थी येऊ लागले. दुसऱ्या देशांतून आलेले निर्वासितही येऊ लागले. एकदा सगळे मिळून नगरपालिकेवर चालत गेले. मी हातगाडीवर होते. बर्फ भुरभुरत माझ्या वाफेत शिरत होता आणि दिसेनासा होत होता. चौकात फिक्रियाने मागणी मांडली: इथे वाढलेल्या मुलांना उपटून पाठवू नका, आमचे म्हणणे नीट ऐकून घ्या.

समितीने आणखी एक ठरवले होते. पहाटे कुणाच्याही दारावर थाप पडली, तर सगळ्यांनी बाहेर यायचे. ओरडायचे नाही, कुणाला हात लावायचा नाही, फक्त जिन्यावर बसायचे. म्हणून सगळ्यांना जागे करायला मला तळघरातून वर, जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवले.

हिवाळा सरता सरता ती थाप पडली. रूझाच्या दारावर. तिच्या धाकट्या मुलाला फुप्फुसाचे दुखणे होते आणि त्यासाठी इथे राहू देण्याचा तिचा अर्ज न्यायालयात अडकला होता. सेबिहा अनवाणी धावत आली. तिने लोखंडी डाव उचलला आणि माझ्यावर हाणला. मित्रांनो, मला पोचा पडला. मी अशी वाजले की माझा आवाज मलाच परका वाटला. तो तिन्ही मजले चढून गेला, आणि वर एकेक कडी निघू लागली.

माणसे गोधड्या पांघरून आली आणि पायऱ्यांवर बसली. कडेवर पेंगणारी मुले, हातात जपमाळ घेतलेले म्हातारे. सगळा जिना श्वासांनी भरला. पोलीस अधिकाऱ्याने वाट द्यायला सांगितले. फिक्रियाने शांतपणे सांगितले की प्रकरण न्यायालयात आहे आणि वकीलबाई निघाल्या आहेत. सेबिहा तिच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करताय, साहेब. आम्ही आमच्या जिन्यावर बसलोय."

वकीलबाई आल्या. फोन झाले. उजाडले तेव्हा गाड्या रिकाम्याच परत गेल्या. पुढे न्यायालयाने रूझाच्या कुटुंबाला राहू दिले. देमिरचे कुटुंब मात्र आलेले नाही. एल्माझा कधी कधी फोन करते, आणि इथल्या शाळेसमोरचे झाड फुलले का ते विचारते. समिती अजून त्यांच्यासाठी झगडते आहे.

समितीला पुढे स्वतःची खोली मिळाली. तिथे मला घासूनपुसून कपाटावर ठेवले. पाहुणे येत, पोच्यावर बोट ठेवत, फोटो काढत. स्वयंपाक स्टीलच्या पातेल्यात होई. इतकी स्तुती मी कधी ऐकली नव्हती आणि इतकी थंडही कधी पडले नव्हते.

मागच्या शरदात एक बस भरून नवी कुटुंबे आली. पातेले पुरेना. सेबिहा आता काठी टेकत चालते. तिने वर बोट दाखवले आणि मला खाली उतरवायला लावले. माझी कल्हई पुन्हा झाली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या भांड्याला कपाटावर चढवून त्याची आरती करू नका, त्याला आचेवर ठेवा. आणि तुमच्या जिन्यावर कुणी लांबून येऊन राहिले असेल, तर त्याचे नाव विचारा. थाप पडायच्या आधी विचारा.

त्या दिवशी बसमधून उतरलेली एक बाई दारातच उभी राहिली. कडेवर मूल, हातात पिशवी. ती विचारत होती की जेवणासाठी सही कुठे करायची.

"सही नको," सेबिहा म्हणाली. "मूल माझ्याकडे दे आणि कांदे सोलायला बस."