उचललेली पुढची चाके

मित्रांनो, जिच्या आसनावर कोंबड्या अंडी घालतात ती जुनी जीप मीच. हसू नका. एके काळी कोलंबियातल्या या कॉफीच्या डोंगरांत माझ्यावाचून कोणाचे पान हलत नसे.

मला घडवले होते सैन्यासाठी, पण नशिबी आली कॉफीची पोती. माझा मालक अल्देमार, ज्याला सगळे मानाने 'डॉन' म्हणत, ओझे मोठ्या मायेने भरी. जड पोती तळाला, पुढच्या आसनाला टेकवून. हलके सामान वर. मग करकचून दोर. दाराजवळच्या पत्र्याच्या पट्टीवर मला पेलेल तेवढे वजन कोरलेले होते. ते भरले की तो म्हणे, "बास! म्हातारीचं कंबरडं मोडायचं नाही."

पण आमच्या गावच्या जत्रेत उलटाच खेळ चालतो. जीपच्या मागच्या टोकाला मुद्दाम ओझे रचतात. पुढची चाके अधांतरी उचलली जातात आणि गाडी मागच्या चाकांवर चौकात गोल फिरते. त्या वर्षी अल्देमारने मला नखशिखान्त लाल रंगवले. ती पट्टीही रंगाखाली गेली. आम्ही पहिले आलो. टाळ्या मलाही गोड लागल्या. अल्देमारच्या मात्र त्या डोक्यात गेल्या.

पुढच्याच आठवड्यात रुबिएलाबाईंचे बिऱ्हाड वरच्या वाडीत हलवायचे होते. बाई एकट्या, शिवणकामावर जगणाऱ्या. माझ्या आसनाची फुलाफुलांची खोळ त्यांनीच शिवलेली. खाट, चूल, पेट्या आणि लोखंडी पायांचे शिवणयंत्र असे सामान अंगणात मांडलेले होते.

"डॉन अल्देमार, दोन खेपा करू या ना," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, बक्षीस मारलेली गाडी आहे ही! एका खेपेत नेतो. बघू दे की लोकांना."

"लोकांचं काय जातंय? माझं पोट आहे त्या मशीनवर."

"मग मशीन मागं टोकाला ठेवतो. तुम्ही गाडीच्या मागच्या पायरीवर उभ्या राहून धरा. झालं?"

"घट्ट धरा हं, रुबिएलाबाई, नवरा समजून!" शेजारीण ओरडली. सगळे हसले. बाईही हसल्या.

चढ लागला तशी माझी पुढची चाके हलकी झाली. त्यांना जमीन नुसती शिवत होती. वळणावर अल्देमारने चक्र फिरवले, चाकेही वळली, पण मी सरळच गेले. रस्ता धरायला चाकांवर भारच नव्हता, मित्रांनो! मला ओरडता आले असते तर! मी चरात आदळले, दोर तुटला आणि ते यंत्र बाईंच्या उजव्या हातावर कोसळले.

बाई वाचल्या. हात वाचला नाही.

त्या संध्याकाळी अल्देमारने सुरीने रंग खरवडून ती पट्टी मोकळी केली आणि तिच्यावर डोके टेकून तो रडला. पुन्हा त्याने मला कधी चालू केले नाही. मी गंजत गेले.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी कितीही नवी असो, तिला पेलेल तेवढेच भरा. जड ते खाली आणि पुढे ठेवा, नीट बांधा. दुसऱ्या खेपेचा कंटाळा करू नका. आम्हाला बोलता येत नाही.

रुबिएलाबाई कधी कधी अंडी न्यायला येतात. माझी खोळ आता उसवली आहे. परवा त्यांनी डाव्या हाताने तिच्या दोन्ही कडा जुळवून पाहिल्या, जरा वेळ तशाच धरल्या आणि सोडून दिल्या.